डॉक्टरला ‘नाही’ म्हणायला कोण शिकवणार?

गर्भलिंग निदानाला पायबंद घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला आणि २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. याच काळात राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ अशी उतरत गेली. सांगली जिल्ह्यात २००१ मध्ये ती ८५१ होती. दहा वर्षांनी ८६७ झाली, म्हणजे थोडी सावरली, पण राज्याच्या सरासरीच्या खालीच राहिली. ज्या डॉक्टरांनी सोनोग्राफीच्या खोलीत गर्भाचे लिंग सांगितले त्यांना कायदा ठाऊक नव्हता असे म्हणता येत नाही, कारण तशा मनाईचा फलक दवाखान्यात लावणे त्यांना बंधनकारकच होते. वैद्यकीय विद्यार्थ्यांना नीतिशास्त्र कसे शिकवावे याचा विचार करणाऱ्याने इथून सुरुवात करावी. नियम माहीत नसल्यामुळे होणारी गैरकृत्ये या व्यवसायात थोडी आहेत. नियम पक्का ठाऊक असताना पैसा, वरिष्ठ, नातेवाईक किंवा सवय यांच्यापुढे मान तुकवल्यामुळे होणारी फार आहेत. मग शिकवायचे काय, तर त्या क्षणी मान ताठ कशी ठेवायची आणि तोंडातून कोणते शब्द काढायचे हे. तेही वॉर्डात, ओपीडीत आणि कॅज्युअल्टीत, सराव करून घेऊन. वर्गातल्या व्याख्यानाला यात जागा आहे, पण ती लहान आहे.

सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळचे प्रकरण या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. मार्च २०१७ मध्ये एका विवाहितेचा गर्भपातादरम्यान मृत्यू झाला, त्या तपासात ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. दवाखाना चालवणारा होमिओपॅथीचा पदवीधर अटकेत गेला आणि तपास सीमेपलीकडे कर्नाटकातील डॉक्टरांपर्यंत पोहोचला. त्या वेळी वर्तमानपत्रांनी राक्षसी वृत्तीच्या एका माणसाची कथा सांगितली. शिक्षकासाठी मात्र ती अपुरी आहे. असा दवाखाना एकट्याच्या बळावर चालत नाही. गर्भाचे लिंग सांगणारा कोणीतरी लागतो, बाईला तिथवर आणणारा मध्यस्थ लागतो, औषधे पुरवणारा लागतो आणि गावात कुजबुज चालू असताना ‘आपल्याला काय करायचंय’ म्हणून गप्प राहणारे शेजारचे व्यावसायिक लागतात. या साखळीतल्या बहुतेकांनी आपापल्या नजरेत लहानसेच काम केले असेल. विद्यार्थ्याला दाखवायची ती ही साखळी, आणि विचारायचा प्रश्न असा: यातली कोणती कडी उद्या तुझ्या हातात येणार आहे? सोनोग्राफी करणारा निवासी डॉक्टर, सोनोग्राफीच्या नोंदीचा ‘एफ’ फॉर्म भरणारा इंटर्न, रक्तस्राव होत असलेली बाई रात्री अकरा वाजता समोर आली की आधीचा इतिहास न विचारता केसपेपर लिहिणारा कनिष्ठ डॉक्टर, हे सगळे त्या साखळीच्या आसपासच उभे असतात. खलनायकाची गोष्ट ऐकून विद्यार्थी निश्चिंत होतो, कारण आपण खलनायक नाही याची त्याला खात्री असते.

कागदावर व्यवस्था वाईट नाही. २०१९ पासून एमबीबीएसला नवा क्षमताधारित अभ्यासक्रम आला आणि त्याबरोबर ‘एटकॉम’ म्हणजे वृत्ती, नीती व संवाद यांची २७ मॉड्यूल आली. सुरुवातीला त्यासाठी सुमारे १४० तास राखले होते. पहिल्याच वर्षी डॉक्टर असणे म्हणजे काय, रुग्ण असणे म्हणजे काय, देहदान केलेल्या माणसाचे शरीर हा आपला पहिला शिक्षक कसा, असे विषय येतात. आधीच्या पिढ्यांना यातले फारसे काही मिळाले नव्हते, त्यामुळे ही मोठी सुधारणा आहे. अडचण पुढे येते. हे तास वेळापत्रकात कोपऱ्यात जातात, शंभर-दीडशे मुलांच्या सभागृहात स्लाइड दाखवून उरकले जातात आणि लॉगबुकवर सह्या होऊन संपतात. शिवाय याच मुलांनी सकाळी वॉर्डात काय पाहिलेले असते? पडदा न ओढता तपासलेली बाई पाहिलेली असते, नावाऐवजी ‘सात नंबरचा हर्निया’ म्हणून ओळखला जाणारा माणूस पाहिलेला असतो, ‘सही घ्या पटकन’ एवढ्यात आटोपलेली संमती पाहिलेली असते. दुपारचे व्याख्यान आणि सकाळचा वॉर्ड यांत विरोध दिसला तर विद्यार्थी वॉर्डावर विश्वास ठेवतो, कारण त्याला उद्या वॉर्डातल्या माणसासारखे व्हायचे असते. वैद्यकीय शिक्षणाचे अभ्यासक याला छुपा अभ्यासक्रम म्हणतात. नीतिशास्त्राच्या शिक्षकाला हा छुपा अभ्यासक्रमच हातात घ्यावा लागेल.

इथे एक जुना आक्षेप हमखास येतो. नीती शिकवता येत नाही, ते संस्कार घरातून यावे लागतात, अठराव्या वर्षी कॉलेजात आलेल्या मुलाला तुम्ही काय घडवणार? या आक्षेपात तथ्य असते तर कॉलेजात माणूस आला तसाच बाहेर पडला असता. पुरावा उलटा आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील सहा वैद्यकीय महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांची पाहणी १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. उत्तर देणाऱ्या ६६५ विद्यार्थ्यांपैकी ५८ टक्क्यांनी आपल्याच मते अनैतिक असे काहीतरी वॉर्डात केल्याचे कबूल केले आणि ६२ टक्क्यांना आपली काही तत्त्वे या काळात झिजली असे वाटत होते. फिलाडेल्फियातील एका महाविद्यालयाच्या २००९ मधील अभ्यासात पहिली दोन वर्षे विद्यार्थ्यांची सहानुभूती टिकून होती आणि तिसऱ्या वर्षी, म्हणजे रुग्णांशी खरा संबंध सुरू होताच, ती घसरली. अमेरिकेचे आकडे सांगली-मिरजेला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण त्यांतून निघणारी गोष्ट आपल्याकडच्या कोणत्याही प्रामाणिक शिक्षकाला ओळखीची वाटेल. मुले चांगली वृत्ती घेऊन येतात आणि आपल्या डोळ्यांदेखत ती बोथट होते. जे कॉलेजात गमावता येते ते कॉलेजात जपताही येते, आणि ती जबाबदारी घरावर ढकलता येत नाही.

शिकवण्याचे साहित्य बाहेरून आणण्याची गरज नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्हा परिषदेने ‘नकुशी’ नाव असलेल्या २८५ मुलींची नावे समारंभाने बदलली. त्या मुली ज्या घरांत जन्मल्या तशाच घरांतल्या बाया आज साताऱ्याच्या, कराडच्या, मिरजेच्या ओपीडीत येतात. तिसऱ्या मुलीनंतर आलेल्या बाईशी कसे बोलायचे, सोबत आलेल्या सासूला बाहेर बसायला कसे सांगायचे, हे विद्यार्थ्याने तिथेच शिकायचे. साताऱ्यातच दलित महिला विकास मंडळाच्या ॲड. वर्षा देशपांडे यांनी ‘लेक लाडकी अभियाना’तून, गर्भवती स्त्रियांच्या धाडसी मदतीने, गर्भलिंग सांगणाऱ्या डॉक्टरांविरुद्ध स्टिंग ऑपरेशन केली. २०२५ चा संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार त्यांना मिळाला. त्यांच्यासारख्या कार्यकर्त्यांना महाविद्यालयांनी व्याख्यानाला बोलवावे आणि विद्यार्थ्यांना उलटतपासणीसारखे प्रश्न विचारू द्यावेत: पकडलेले डॉक्टर काय बोलले, रेडिओलॉजिस्टने नातेवाइकाला नेमके कोणत्या शब्दांत परतवावे, मुलगा की मुलगी हे सुचवणारे सांकेतिक ‘पेढे की बर्फी’ ऐकू आले तर सोबतच्या निवासी डॉक्टरने काय करावे? याच प्रकरणांची दुसरी बाजूही त्याच तासाला शिकवली पाहिजे, नाहीतर घोटाळा होतो. म्हैसाळनंतर कायदेशीर गर्भपातालाही हात लावायला घाबरणारे डॉक्टर तयार झाले, तर त्याची किंमत स्त्रियाच मोजतात. गर्भपाताचा कायदा १९७१ चा आहे. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती त्याला पुरते, नवऱ्याच्या सहीची अट त्यात नाही. तरीही किती ठिकाणी आधी ‘मिस्टरांना बोलवा’ असे सांगितले जाते! विद्यार्थ्याने ते ऐकले आणि कोणी दुरुस्त केले नाही, तर तोच कायदा आहे असे तो आयुष्यभर समजेल.

संमती हा विषय मी सगळ्यांत वर ठेवीन, कारण तो रोज येतो आणि रोज वाया जातो. दोन प्रकरणे शेजारी ठेवून शिकवावीत. पहिले समीरा कोहली यांचे, ज्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये दिला. एका अविवाहित महिलेने तपासणीच्या लॅप्रोस्कोपीला संमती दिली होती. ती भुलेखाली असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि अंडाशय काढले गेले. रुग्ण सज्ञान होती, प्राणावर बेतलेले नव्हते, शुद्धीवर आल्यावर तिलाच विचारता आले असते, म्हणून आईची संमती न्यायालयाने ग्राह्य धरली नाही. दुसरे प्रकरण ऊसतोड कामगार बायांचे. बीड जिल्ह्यातून दर हंगामात सांगली, सातारा, कोल्हापूरच्या कारखान्यांकडे या बाया येतात. बीडमध्ये ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली तेव्हा १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पहिल्या प्रकरणात सही चुकीच्या माणसाची होती. दुसऱ्यात सही किंवा अंगठा त्या बाईचाच असतो, पण ‘कॅन्सर होईल’ या भीतीवर आणि पाळीच्या दिवसांत बुडणाऱ्या मजुरीवर तो उठवलेला असतो. दोन्हीकडे खरी संमती नाही. विद्यार्थ्यांना यातून जो नियम द्यायचा तो अगदी व्यवहाराचा आहे: जे तू स्वतः समजावून सांगितले नाहीस त्या संमतिपत्रावर साक्षीदार म्हणून सही करू नकोस, आणि समजावून झाल्यावर रुग्णाला विचार, ‘आता तुम्ही मला सांगा, उद्या आपण काय करणार आहोत?’ तो सांगू शकला नाही तर पुन्हा पहिल्यापासून समजव.

आपल्या भागात यात भाषेचा पेच आहे आणि त्याकडे दुर्लक्ष होते. मिरजेत विल्यम वॉनलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुग्णालय उभारले तेव्हापासून कर्नाटकातून रुग्ण इथे येत आले आहेत. अथणी, जमखंडी, विजापूरकडून आलेल्या म्हाताऱ्या बाईला मराठी येत नाही, आपल्याच जत तालुक्यातही कन्नड बोलणारी घरे आहेत. त्यात आता राष्ट्रीय कोट्यातून आलेला विद्यार्थी हिंदी-इंग्रजी बोलतो. मधे उभा असलेला मुलगा दुभाष्या होतो आणि डॉक्टरची पाच वाक्ये आईला दोन शब्दांत सांगतो. अभ्यासक्रमाच्या सुरुवातीला पायाभूत वर्ग असतो आणि त्यात स्थानिक भाषा शिकवायची तरतूद आहे. मिरज-सांगलीच्या महाविद्यालयांनी त्यात मराठीबरोबर कामापुरते कन्नडही घ्यावे. वॉर्डातल्या ज्या मावशींना, सिस्टरना कन्नड येते त्यांची नावे भिंतीवर लिहून ठेवावीत. यासाठी कोणत्याही परिषदेची परवानगी लागत नाही.

प्रत्यक्ष शिकवायचे कसे? सर्वांत उपयोगी जागा सकाळचा राउंड आहे. युनिटप्रमुखाने प्रत्येक राउंडमध्ये एका तरी रुग्णापाशी निदान आणि औषधांच्या बरोबरीने तीन गोष्टी विचाराव्यात: या माणसाला त्याच्या आजाराबद्दल काय सांगितले आहे, कोणी सांगितले, आणि त्याला काय कळले आहे. पहिल्या आठवड्यात कोणालाच उत्तर देता येणार नाही. दुसऱ्या आठवड्यापासून मुले आदल्या संध्याकाळी रुग्णाशी बोलून येऊ लागतील, कारण जे विचारले जाते तेच विद्यार्थी वाचतो, हे परीक्षेचे तत्त्व वॉर्डातही लागू पडते. तपासण्यापूर्वी प्राध्यापकाने स्वतः ‘काका, ही मुले शिकायला आली आहेत, यांनी पोट तपासले तर चालेल का?’ असे विचारावे, आणि काका ‘नको’ म्हणाले तर सर्वांदेखत ‘बरं’ म्हणून पुढच्या खाटेकडे जावे. नकार ऐकून शांतपणे पुढे गेलेला प्राध्यापक विद्यार्थ्याला जे देतो ते स्वायत्ततेवरच्या चाळीस स्लाइड देत नाहीत. भुलेखाली असलेल्या रुग्णावर केवळ शिकण्यासाठी तपासणी करायची असेल तर त्याची वेगळी परवानगी आदल्या दिवशी घ्यावी. ती घेतलेली नसेल तर मुलांनी हात लावू नये, हा नियम शल्यचिकित्सा आणि स्त्रीरोग विभागांनी लेखी करून ऑपरेशन थिएटरच्या दारावर लावावा.

यावर वेळ नाही हे उत्तर येईल. सिव्हिलच्या ओपीडीची गर्दी ज्याने पाहिली आहे तो हे उत्तर उडवून लावणार नाही. पण वर सांगितलेल्या गोष्टींना लागणारा वेळ मोजला तर तो एका रुग्णामागे दोन-चार मिनिटे भरतो, आणि न सांगितल्यामुळे पुढे नातेवाइकांशी जी वादावादी होते तिला लागणारा वेळ त्याहून कितीतरी मोठा असतो. डॉक्टरांवरील हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्रात २०१० पासून स्वतंत्र कायदा आहे, आणि तो हवाच. पण हल्ला होण्याच्या आधीचे तास अनेकदा मौनाचे असतात. आतून कोणी बाहेर येऊन काही सांगत नाही आणि बाहेरचा जमाव वाढत राहतो. म्हणून वाईट बातमी कशी सांगायची याचा सराव मी नीतीच्या शिक्षणाचाच भाग मानतो. त्यालाच लागून आणखी एक प्रश्न येतो. आपले रुग्ण ‘डॉक्टर, तुम्हीच ठरवा’ म्हणतात, मग ही स्वायत्तता परक्या देशाची गोष्ट नव्हे काय? सर्व समजून घेऊन कोणी निर्णय डॉक्टरवर सोपवला तर तोही त्याचाच निर्णय आहे आणि तो मानावा. पण समजून न देता, तो तसेच म्हणेल असे आपणच गृहीत धरले, तर ती सोय आपली असते. बाबांना कॅन्सर असल्याचे सांगू नका, असा हट्ट मुले धरतात तेव्हाही आधी बाबांना विचारावे: ‘तुमच्या तपासण्यांबद्दल तुम्हाला किती जाणून घ्यायचंय? की मुलांशी बोलू?’ हा प्रश्न विचारायला विद्यार्थ्याला शिकवता येतो, आणि पुष्कळ वेळा बाबांना सगळे आधीच कळलेले असते.

सर्वांत अवघड भाग वरिष्ठ, पोलीस, पुढारी आणि पैसा यांच्यासमोर नकार देण्याचा. इथे तत्त्वचर्चा फार उपयोगी पडत नाही. वाक्ये पाठ हवीत, आणि ती एकमेकांसमोर उभे राहून, एकाने दबाव टाकणाऱ्याची भूमिका घेऊन, पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलेली हवीत. वरिष्ठाने न तपासता नोंद करायला सांगितले तर: ‘सर, मी आत्ता बीपी मोजून येतो आणि मग लिहितो.’ पोलीस तपासणीशिवाय किंवा हवे तसे प्रमाणपत्र मागत असतील तर: ‘साहेब, तपासणी मी करतो, दिसेल तेच लिहितो. तुमचं म्हणणं लेखी द्या, मी नोंद घेतो.’ आणि रजिस्टरमध्ये वेळ, आणणाऱ्याचे नाव, बक्कल नंबर. कटाचा, म्हणजे पेशंट पाठवल्याबद्दलच्या कमिशनचा, प्रस्ताव आला तर: ‘माझा वाटा पेशंटच्या बिलातून कमी करा.’ कट प्रॅक्टिस २००२ च्या आचारसंहितेनेच निषिद्ध ठरवलेली आहे. ती रोखण्यासाठी वेगळ्या कायद्याचा मसुदा राज्यात २०१७ मध्ये तयार झाला, कायदा मात्र झाला नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवी आचारसंहिता आणली आणि त्याच महिन्यात ती स्थगित केली, तेव्हा आजही २००२ चीच लागू आहे. पुण्याच्या ‘साथी’ संस्थेतर्फे डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी देशभरातील ७८ डॉक्टरांच्या मुलाखती घेतल्या. कट, अनावश्यक तपासण्या, कॉर्पोरेट रुग्णालयांची लक्ष्ये यांबद्दल ते डॉक्टर उघडपणे बोलले. त्या मुलाखती इंटर्नच्या हाती द्याव्यात. सरळ मार्गाने व्यवसाय करणारे लोक आहेत, त्यांना त्रास होतो आणि तरी ते टिकून आहेत, हे त्याला कोणीतरी सांगायलाच हवे.

लाखो रुपये फी भरून आलेल्या मुलाला तुम्ही कट नाकारायला सांगता, हा आक्षेप मी गंभीर मानतो. कर्जाचा हप्ता खरा असतो आणि नीतीचे शिक्षण फीचे गणित सोडवू शकत नाही, त्यासाठी शासनालाच पावले उचलावी लागतील. पण पहिल्या पाच वर्षांत प्रॅक्टिस कशी उभी राहते, खर्च किती येतो, कटाशिवाय चालवलेल्या दवाखान्याचे उत्पन्न किती असते, हे इंटर्नशिपमध्ये मोकळेपणाने सांगितले गेले तर निदान अंधारात भीतीने घेतलेले निर्णय कमी होतील. यासाठी कराड, इस्लामपूर, सांगली, वाई इथल्या अनुभवी सरळ डॉक्टरांना बोलवावे आणि त्यांना जमाखर्चावर बोलायला सांगावे.

नकार शिकवताना एक मोठी जोखीम आहे आणि ती न बोलता पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ऑक्टोबर २०२५ मध्ये फलटणच्या उपजिल्हा रुग्णालयात काम करणाऱ्या एका तरुण महिला डॉक्टरने आत्महत्या केली. त्या मृत्यूला कोण जबाबदार हे न्यायालय ठरवील. पण तिने काही महिने आधी लेखी तक्रार केली होती आणि वैद्यकीय तपासणीच्या कामात पोलिसांकडून दबाव येत असल्याचे तिचे म्हणणे होते, हे समोर आले आहे. म्हणजे आपण विद्यार्थ्यांना जे करायला सांगतो तेच तिने केले होते. ‘नाही’ म्हणायचे धाडस पंचविशीतल्या मुलीला शिकवायचे आणि त्यानंतर तिला एकटी सोडायचे, हे शिक्षण नव्हे, क्रूरता आहे. म्हणून नकाराच्या सरावाबरोबर हेही शिकवावे: दबावाची नोंद त्याच दिवशी तारखेसह करा, प्रत तीन ठिकाणी पाठवा, एका सहकाऱ्याला सोबत घ्या, एकट्याने रात्री झुंजू नका. आणि अधिष्ठाता, जिल्हा शल्यचिकित्सक, विभागप्रमुख यांनी स्वतःसाठी लिहून ठेवावे की कनिष्ठाची अशी तक्रार आली तर चोवीस तासांत कोण त्याच्या शेजारी उभे राहील. विभागाच्या बाहेरची एक व्यक्ती तक्रार ऐकण्यासाठी नेमलेली असावी, कारण आपल्याच युनिटप्रमुखाविरुद्ध त्याच्याच हाती असलेल्या गुणांवर पाणी सोडून कोणी बोलत नाही.

मूल्यमापनाबद्दल थोडेच सांगतो. तत्त्वांची यादी लिहून घेणाऱ्या प्रश्नाने काही मोजले जात नाही. प्रात्यक्षिक परीक्षेत एक स्टेशन नकाराचे आणि एक संमतीचे ठेवावे, तेवढे पुरे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे लहान खोटेपणाकडे वेळीच पाहणे. न मोजता लिहिलेले १२०/८०, मित्राची लावलेली हजेरी, उतरवून काढलेले जर्नल, इंटर्नशिपला न जाता मिळवलेली सही, हे सगळे ‘मुलं आहेत, चालायचंच’ म्हणून सोडले जाते. २००५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये आलेल्या अभ्यासात शिस्तभंगाची कारवाई झालेल्या २३५ डॉक्टरांची तुलना तशी कारवाई न झालेल्या ४६९ डॉक्टरांशी केली होती. कारवाई झालेल्यांच्या विद्यार्थिदशेतल्या नोंदींत गैरवर्तन आढळण्याची शक्यता सुमारे तिप्पट होती, आणि त्यात बेजबाबदारपणा सर्वांत ठळक होता. यावरून कोणाला हाकलून द्यावे असे मी म्हणत नाही. विसाव्या वर्षी खोटे बीपी लिहिणाऱ्याला बोलावून, त्या आकड्यावर उद्या कोणाला कोणते औषध दिले गेले असते हे त्याच्यासमोर मांडले, आणि त्याच्याकडून तो रुग्ण पुन्हा तपासून घेतला, तर पुष्कळ मुले सुधारतात. त्यासाठी शिक्षकाने ती वही उघडून पाहिली पाहिजे.

मिरजेच्या शासकीय महाविद्यालयाला १९६२ पासूनची परंपरा आहे, कराडचे कृष्णा १९८४ पासून चालू आहे. जुन्या संस्थांत चांगल्या सवयींबरोबर वाईटही मुरतात आणि त्या बदलायला वेळ लागतो. साताऱ्याच्या शासकीय महाविद्यालयाची पहिली तुकडी २०२१-२२ ची. तिथे राउंड कसा घ्यायचा, रुग्णाला कसे हाक मारायचे, कनिष्ठाची तक्रार कुठे जाईल, हे अजून रूढ व्हायचे आहे, आणि जे आता ठरेल ते पुढची पन्नास वर्षे चालेल. तिथल्या शिक्षकांनी ही संधी घ्यावी.

आणि पालकांना एक विनंती. प्रवेशाच्या वेळी तुम्ही फी विचारता, वसतिगृह विचारता, खाटा किती आहेत ते विचारता. त्याबरोबर अधिष्ठात्यांना एवढे विचारा की इंटर्नने वरिष्ठाविरुद्ध तक्रार केली तर ती कोण ऐकतो, आणि आलेल्या शेवटच्या तक्रारीचे पुढे काय झाले. उत्तर लेखी मागा.